आधी हवा, मग रंग

पेंटर ओळखायचा असेल तर त्याच्या नाकपुड्या बघाव्यात. हात तो थिनरने धुतो, कपडे बदलतो, केसांना तेल लावून भांग पाडतो, पण नाकाच्या आत दिवसभराचा रंग बसलेला असतोच. अंबडच्या एका कारखान्यात मी बसच्या बॉड्या रंगवायचो. संध्याकाळी घरी आलो की शैला, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, नाकाकडे बघून सांगायच्या, "आज शाळेची पिवळी बस होती वाटतं." मास्क लावायची तेव्हा पद्धत नव्हती. कोणी लावलाच तर बाकीचे त्याला 'डॉक्टरसाहेब' म्हणून चिडवायचे. ती मर्दुमकी आता जिना चढताना छातीत वाजते, आणि त्याचं मला खरोखर वाईट वाटतं.

मी बसबद्दल लिहीन अशी अपेक्षा असणार. लिहिण्यासारखं आहेही. पण बस मोठी असते, ती रस्त्यावरून जाताना आपलं कौतुक आपण करून घेते. मला लिहायचंय ते नंतरच्या कामाबद्दल. निवृत्तीनंतर मी एअरब्रश नावाची, रंग फवारायची पेनाएवढी गन हातात घेतली आणि बोटाच्या पेराएवढी माणसं रंगवू लागलो. बसला मी नुसता रंग मारला, या माणसांचे मी लाड केले.

झालं असं, की गंगापूर रोडला माझ्या ओळखीचे एक गृहस्थ बिल्डरांसाठी इमारतींचे छोटे नमुने करून देतात. काचेच्या पेटीत इमारत, बाग, झाडं, गाड्या आणि त्या बागेत फिरणारी सुखी माणसं. ती माणसं रंगवायला त्यांना कोणीतरी हवं होतं. मी म्हटलं, आणा इकडे. ते म्हणाले, "अहिरे, बसवाल्याचं हे काम नाही. हात फार हलका लागतो." मला राग आला. अख्खी बस एकही ओघळ न येता रंगवणाऱ्याला हा माणूस हात शिकवतोय! मी माणसांची पुडी खिशात घातली आणि घरी आलो.

गॅलरीत वर्तमानपत्र पसरलं, एक गृहस्थ त्यावर उभा केला, कॉम्प्रेसर चालू केला. हवेचा दाब ठेवला बसच्या सवयीचा. खटका दाबला, फुस्स झालं आणि गृहस्थ गायब. मी गॅलरी झाडली, कुंड्या हलवल्या, खाली वाकून शेजाऱ्यांच्या वाळवणातही बघून आलो. संध्याकाळी स्वयंपाकघरातून शैलाचा आवाज आला, "हाई काय शे?" तिचं माहेर सटाण्याचं. एरवी ती शुद्ध बोलते, पण दचकली की अहिराणीत जाते. मोड आणायला भिजवलेल्या मटकीत बिल्डरचा माणूस उताणा पडला होता. तिने तो चिमटीत धरून माझ्यापुढे केला आणि म्हणाली, "एवढ्या पाण्यात स्विमिंग पूल मिळाला त्याला. अजून काय पाहिजे?"

त्या दिवसापासून मी परत उमेदवारी सुरू केली. बसच्या गनमध्ये आणि या एअरब्रशमध्ये फरक काय, ते नवख्यांसाठी सांगतो. बसची गन म्हणजे पाण्याचा पाइप. खटका दाबला की हवा आणि रंग बरोबरच येतात, आणि माणूस खांद्यापासून हात फिरवतो. एअरब्रशच्या खटक्याला दोन कामं असतात. खाली दाबला की नुसती हवा येते. दाबून ठेवून मागे ओढला की त्या हवेत रंग मिसळतो. जितका मागे ओढाल तितका रंग जास्त. सगळा खेळ तर्जनीच्या टोकाचा. त्यात नियम असा की आधी हवा, मग रंग. थांबताना आधी रंग बंद, मग हवा. उलटं केलं तर तोंडाशी उरलेला थेंब पुढच्या वेळी थुंकीसारखा उडतो, आणि तो नेमका माणसाच्या नाकावर जाऊन बसतो.

रंगही पातळ लागतो, साय काढलेल्या दुधासारखा. घट्ट असेल तर अडकतो. फार पातळ असेल आणि गन जवळ धरली तर रंग चहूबाजूंनी पळतो, कोळ्याच्या पायांसारखा. आपल्या नाशिकची उन्हाळी हवा कोरडी, त्यामुळे रंग बाहेर पडायच्या आधी गनमधल्या सुईच्या टोकावरच वाळतो. दर थोड्या वेळाने टोक पुसावं लागतं. आणि सगळं झालं की गन उघडून, सुई काढून, आतून-बाहेरून धुवायची. अर्धं काम रंगवण्याचं आणि अर्धं भांडी घासण्याचं. पुरुष शिकाऊ इथेच कंटाळतात. शैलाचं म्हणणं, यात नवल काही नाही.

मी कित्येक महिने रद्दीवर ठिपके काढले, रेघा ओढल्या, बारीकपासून जाड आणि जाडापासून बारीक. रद्दीवाला म्हणाला, "पेंटर, हे पेपर घेणार नाही मी, शाई सुटलीय." हळूहळू बोटाला कळायला लागलं. मग बिल्डरची माणसं रंगवणं जमलं, त्यांच्या गाड्या जमल्या, आणि काम बघून लोक विचारायला लागले की शिकवाल का. म्हणून रविवारी सकाळी आमच्या सिडकोतल्या घरी, त्याच गॅलरीत, वर्ग सुरू झाला.

गिऱ्हाइकं आणि विद्यार्थी दोन्ही मजेदार. पिंपळगावकडचे एक द्राक्षबागायतदार प्रदर्शनासाठी आपल्या बागेचा छोटा नमुना घेऊन आले. मणी मोहरीएवढे. मी हिरवा मारला, उन्हाच्या बाजूला जरा पिवळा मारला आणि मोठ्या ऐटीत दाखवला. ते म्हणाले, "हाताळलेली द्राक्षं हायेत ही. मालावर पावडर कुठंय?" ताज्या द्राक्षावर जी पांढुरकी धूळ असते ती पुसली गेली की व्यापारी नाक मुरडतो, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, सुचलं नव्हतं. मग अगदी पातळ पांढरा घेऊन लांबून, आला न आला असा मारला. प्रदर्शनात नमुन्याला हात लावायला आलेल्या माणसाला त्यांनी खरंच हटकलं, "बोट नका लावू, पावडर जाईल."

एक दातांचे डॉक्टर यायचे. ते राक्षस रंगवायचे, परदेशातून मागवलेले, शिंगं-पंख असलेले. पहिल्याच दिवशी त्यांची रेघ सरळ आली. मी विचारलं तर म्हणाले, "पेशंटच्या तोंडात हात थरथरून कसं चालेल?" पण राक्षसांचे दात मात्र ते इतके पांढरेशुभ्र ठेवायचे की राक्षस नुकताच त्यांच्याकडे जाऊन आलाय असं वाटायचं. किती सांगितलं, डॉक्टर, थोडे पिवळे करा. त्यांचा हात धजला नाही.

आणि मग पगारेबाई आल्या.

नाशिकरोडहून बस बदलत आल्या होत्या. सत्तरीच्या आसपास, कडक इस्त्रीची सुती साडी, खांद्याला पर्स. निवृत्त शिक्षिका आहेत हे त्यांनी सांगायच्या आधी कळलं, कारण आल्याआल्या त्यांनी माझ्या फळ्यावरच्या एका शब्दाची वेलांटी दुरुस्त केली. मग खुर्चीवर बसून पर्समधून स्टीलचा डबा काढला. आत कापसावर दोन माणसं निजवलेली होती, तारेवर पुट्टी चढवून केलेली, अजून बिनरंगाची. एक म्हातारा, टोपीवाला. एक तरुण, हातात फावडं.

"आमच्या ह्यांनी केलीत," त्या म्हणाल्या. "हे रेल्वेत होते, मनमाडला. ड्रायव्हर म्हणून रिटायर झाले, पण सुरुवात वाफेच्या इंजिनावर, भट्टीत कोळसा टाकणारा फायरमन म्हणून. त्या इंजिनाचा नमुना केलाय घरी, पत्र्याचा. हा टोपीवाला म्हणजे ह्यांचे उस्ताद, त्या इंजिनाचे ड्रायव्हर मुनीरचाचा. हा दुसरा म्हणजे हे स्वतः."

"छान झालीत की. रंगवून पाहिजेत का?"

"नाही. मला रंगवायला शिकायचंय."

मग सगळं सांगितलं. पगारेसाहेबांनी पत्रा कापून, घासून, डाग देऊन सांधून इंजिन उभं केलं, त्यात बरीच वर्षं गेली. माणसंही झाली. रंगवायची वेळ आली आणि हात थरथरायला लागले. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. आता कप धरता येत नाही, ब्रश कुठला धरणार? बाईंनी सुचवलं, कोणाकडून तरी रंगवून घेऊ. तर म्हणाले, "ते काय कपाट हाय का, पेंटर लावून रंगवायला? रंगवीन तर मी, न्हाईतर घरातलं कोणीतरी. न्हाईतर राहू दे तसंच." घरात होत्या फक्त बाई.

"आणि भाऊ, ते आता त्याच्याकडे बघतही नाहीत. चादर टाकून ठेवलंय. जेवताना बोलत नाहीत. चाळीस मुलांचा वर्ग गप्प केलाय मी, पण हा एक माणूस गप्प बसलेला मला सोसत नाही."

हवं होतं ते एवढंच नव्हतं. इंजिन काळं करणं सोपं. पण पगारेसाहेबांच्या मनात एक चित्र होतं. भट्टीचं दार उघडलेलं, आणि तिचा केशरी उजेड दोघांच्या अंगावर पडलेला. आता हा असला उजेड ब्रशने काढता येत नाही, त्याला कड दिसते. उजेडाला कड नसते. तो एअरब्रशनेच येतो, एक हलका फवारा, बस्स. मात्र तो सगळ्यात शेवटी मारायचा असतो, पूर्ण रंगवून झालेल्या माणसावर. चुकला की आधीची सगळी मेहनत गेली.

मी म्हटलं, शिकू या. बाईंनी पहिल्याच दिवशी वहीला कव्हर घालून आणलं होतं.

आणि इथे आमचं घोडं पेंड खायला लागलं. बाईंच्या प्रत्येक रेघेला दोन्ही टोकांना गोळे यायचे, व्यायामाच्या डंबेलसारखे. कारण उघड होतं. त्या हात ठेवायच्या, मग रंग सोडायच्या, मग रेघ ओढायच्या, थांबायच्या, आणि मग रंग बंद करायच्या. जिथे हात थांबलेला तिथे रंग साचणारच. खरी पद्धत अशी की हात आधी चालू लागतो, रंग वाटेत येतो, वाटेतच संपतो, आणि हात पुढे जाऊन थांबतो. मी तोंडाने सांगितलं, हात धरून दाखवलं, रद्दीवर खुणा करून दिल्या. गोळे तसेच.

"भाऊ, आयुष्यभर मुलांना हेच शिकवलं," बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या. "अक्षराची सुरुवात ठाम, शेवट ठाम. रेघ अधांतरी सोडायची नाही. सोडली तर मी लाल शाईने गोल करायचे. आता तुम्ही म्हणता अधांतरी सोडा."

तर अशी ही गंमत. सुंदर अक्षराची सवय त्यांच्या आड येत होती. बाईंनी हट्ट सोडला नाही आणि मी उमेद सोडत चाललो होतो. शैलाला म्हटलंही, "बाईंना कसं सांगू, कळत नाही. त्यांना जमायचं नाही." ती कणीक मळत होती. म्हणाली, "तुम्हाला मटकीतून कोणी वर काढलं होतं? जरा थांबा की."

दिवाळीच्या आधीचा रविवार होता. शैलाने दारात रांगोळी काढली होती आणि सकाळीच दूधवाल्याच्या चपलेने तिचा कोपरा पुसला होता. पगारेबाई जिना चढून आल्या, ते पाहिलं, पर्स बाजूला ठेवली आणि गुडघा दुखतोय म्हणत खाली बसल्या. कोनाड्यातल्या वाटीतली चिमूट उचलली आणि रेघ जोडायला लागल्या. मी दार उघडून बघतच राहिलो. त्यांचा हात जमिनीपासून वर होता. आधी हात निघायचा, मग पांढरी धार सुरू व्हायची, ती संपायची आणि हात पुढे जाऊन मग थांबायचा. टोकाला गोळा नाही. हवी तिथे जाड, हवी तिथे केसासारखी.

"बाई!" मी जवळजवळ ओरडलोच. "हे कुठे शिकलात?"

"हे काय शिकायचंय? शाळेत पंधरा ऑगस्टची रांगोळी माझ्याकडेच असायची."

"हीच ती रेघ! मी इतके दिवस हीच मागतोय तुमच्याकडे!"

बाईंनी आपल्या चिमटीकडे पाहिलं. मग तशाच रांगोळीच्या हाताने आत आल्या, गन उचलली आणि रद्दीवर एक रेघ मारली. दोन्ही टोकं हवेत विरलेली. शैला दारातून म्हणाली, "मी म्हटलं होतं." काय म्हटलं होतं ते मला आजही आठवत नाही, पण त्या दिवसाचं सगळं श्रेय तिने घेतलंय आणि दिवाळीत फराळाला येणाऱ्या प्रत्येकाला ती ते ऐकवते.

पुढे गाडी वेगात निघाली. आता नव्या शिकाऊंना मी गनच्या आधी रांगोळीची चिमूट देतो. डॉक्टरांनीही रांगोळी काढली, ठिपके मात्र वाकडे आले.

इंजिन घराबाहेर न्यायला पगारेसाहेबांची परवानगी नव्हती, म्हणून मी एक जुना कॉम्प्रेसर बाईंना नेऊन दिला. इंजिनाचा काळा त्यांनी घरीच मारला, आणि त्यावर घरात युद्ध झालं. पहिला काळा बघून पगारेसाहेब एकच शब्द बोलले, "बूटपॉलिश." बाई चिडून माझ्याकडे आल्या. मी सांगितलं, काळा एक नसतो. काजळीचा काळा कोरडा, तेलाचा काळा ओला, कोळशाच्या धुळीचा राखाडी. पुन्हा केलं. यावेळी त्यांनी इंजिनावरची चादर घडी करून कपाटात ठेवून दिली. बाईंनी लगेच मला फोन करून हे सांगितलं.

राहिला उजेड. त्याला मी जवळ असावं असं बाईंचं म्हणणं पडलं.

एके दिवशी दुपारी जेवून मी नाशिकरोडला गेलो. पगारेसाहेब बाहेरच्या खोलीत खिडकीशी बसले होते. अंगाने एके काळी दांडगा असावा असा माणूस, हात दोन्ही गुडघ्यांमध्ये धरलेले. लांबून गाडीचा भोंगा आला की मान किंचित हलायची, ओळखीच्या माणसाने हाक मारल्यासारखी.

"जय भीम, साहेब."

"जय भीम. या पेंटर." मग म्हणाले, "मी आत येणार न्हाई. आलो तर बोलंन, बोललो तर ही चुकंल. नीट झालं तर आणा माझ्यापुढं. न्हाई झालं तर दाखवू बी नका. डब्यात घाला आन् माळ्यावर टाका. मी विचारणार न्हाई."

"साहेब, उजेड कसा पडायचा तेवढं तरी सांगा."

"भट्टीचं दार उघडलं की पडायचा," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. एवढ्या मार्गदर्शनावर मी आत गेलो.

आत पंखा बंद, खिडकी बंद, धूळ नको म्हणून फरशी ओल्या फडक्याने पुसलेली. टेबलावर दोन बुचं आणि त्यांवर टाचणीने उभे केलेले मुनीरचाचा आणि तरुण पगारे. बाईंनी कपडे, चेहरे, मिशा सगळं सुरेख केलं होतं. चाचांच्या दाढीत पांढरा होता. दोघांना पारदर्शक वॉर्निशचा एक हात दिलेला. त्याचा फायदा असा, की वरचा रंग चुकला तर तो ओला असेपर्यंत ओल्या कापसाने पुसता येतो. ओला असेपर्यंतच. मी कापसाची काडी भिजवून हातात घेऊन बसलो, शस्त्रक्रियेला नर्स बसते तसा.

आधी चाचा. ते इंजिनाच्या खिडकीकडे तोंड करून बसलेले, त्यामुळे पाठीवर आणि कोपरावर नुसती झाक द्यायची होती. बाईंनी कागदावर एक फवारा मारून पाहिला, मग हात फिरवला. आधी हवा, मग रंग, रंग बंद, हवा बंद. सुरेख. माझी ताठलेली पाठ जरा सैल झाली.

मग फायरमन. तो फावडं धरून सरळ उभा होता, मान तेवढी किंचित उजवीकडे वळलेली. माझ्या मते तो पगारेसाहेबांच्या थरथरत्या हाताचा दोष होता, पुट्टी वाळताना मान सरकली असणार, पण बाईंना वाईट वाटेल म्हणून मी त्याबद्दल कधी बोललो नव्हतो. मी बूच फिरवून त्याची छाती बाईंसमोर आणली. "भट्टी समोर असणार. समोरून, खालून. छातीवर आणि हनुवटीखाली. एकच फवारा."

बाईंनी मान डोलावली. कागदावर फवारा मारला. आणि मग डाव्या हाताने बूच पुन्हा फिरवलं. आता फायरमनची डावी बाजू त्यांच्यासमोर होती.

"बाई, समोरून," मी म्हटलं. तोवर हवा सुरू झाली होती. हात निघाला, केशरी आला, डाव्या गालावरून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून मानेवर उतरला, आणि संपला. छाती अंधारात. उजवा गाल अंधारात. भट्टीकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाच्या कानावर उजेड!

मी कापसाची काडी पुढे केली. बाईंनी माझं मनगट धरलं. सत्तरीच्या बाईच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"राहू द्या, भाऊ."

"बाई, वाळला की निघायचा नाही. सगळं परत करावं लागेल."

"निघायला नकोच आहे." आणि त्याच गालावर त्यांनी अजून एक फवारा दिला, आणखी हलका. आपल्या कोरड्या हवेत रंग वाळायला वेळ लागत नाही. बघता बघता त्याची ओली चमक गेली, आणि माझी काडी हातातच राहिली. बाहेर बसलेल्या माणसाला आता काय तोंड दाखवायचं, हा एकच विचार माझ्या डोक्यात होता. हे इंजिन माळ्यावर गेलं तर पगारेसाहेब पुन्हा खिडकीला लागणार, आणि या बाई रोज त्यांच्या पाठीशी बोलत बसणार.

बाईंनी गन धुतली. घाई केली नाही. सुई पुसून जागेवर ठेवली. मग दोघांना इंजिनात आपापल्या जागी ठेवलं, चाचा डावीकडे, फायरमन उजवीकडे, आणि अख्खं इंजिन दोन्ही हातांवर घेऊन बाहेर गेल्या. मी दाराशीच थांबलो.

पगारेसाहेबांनी चष्मा चढवायला वेळ घेतला. बाईंनी मदत केली नाही, हेही माझ्या लक्षात आलं. ते वाकले. चाकं बघितली नाहीत, बॉयलर बघितला नाही. सरळ आत, त्या दोन माणसांकडे बघत राहिले. मग गुडघ्यांतून डावा हात बाहेर आला, थरथरत वर गेला आणि त्यांच्या स्वतःच्या डाव्या गालाला लागला.

"सुशीला," ते म्हणाले, "तू तर कधी इंजिनावर चढली न्हाईस."

"नाही."

"पेंटर, तुम्ही सांगितलं हे?"

"मी तर पुसायला निघालो होतो, साहेब."

"फायरमन उजवीकडं उभा राहतो," ते माझ्याशी बोलत होते, पण बघत बाईंकडे होते. "कोळसा टाकला की तोंड बाहेर, सिग्नलवर नजर. भट्टी कायम डाव्या अंगाला. छाती भाजत न्हाई हो, छातीला सदरा हाय. हा गाल भाजतो. आन् हा कान." गालावरच्या हाताचं एक बोट कानाच्या पाळीला लागलं. "मी कोणाला सांगितलं न्हाई हे. हिला बी न्हाई. हिला कुठून कळलं?"

बाई पदराने हात पुसत होत्या. हातांना केशरी लागलं होतं.

"सांगायला कशाला हवं?" त्या म्हणाल्या. "ड्यूटीवरून आलात की त्या गालाला खोबरेल कोण लावत होतं?"

पगारेसाहेबांनी गालावरचा हात काढला नाही. मी कॉम्प्रेसरची वायर गुंडाळायला आत गेलो.